रिलीव्हर आल्याशिवाय उठायचं नाही

तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनींनी कॉम्प्युटर घ्यायचं ठरवलं तेव्हा खरेदीला त्यांनी नवऱ्याला नेलं नाही, मला नेलं. मी अंबरनाथ एमआयडीसीतल्या एका इंजिनीअरिंग कंपनीच्या स्टोअरमध्ये होते. आलेला माल उघडून बघायचा, कमी भरला तर परत पाठवायचा आणि पुरवठादाराशी आवाज न चढवता भांडायचं, हे माझं रोजचं काम. कॉम्प्युटरमधलं मला काहीच कळत नव्हतं. तसं मी सांगितलं, तर वहिनी म्हणाल्या, "कळायला कशाला पाहिजे? तुम्ही नुसत्या समोर उभ्या राहा."

ही दोन हजार पाचच्या आसपासची गोष्ट. उल्हासनगर कॅम्प दोनमध्ये एक दुकान होतं. पुढे पंखे आणि मिक्सर, मागच्या बाजूला सुटे भाग जोडून कॉम्प्युटर तयार करायचे. दुकानदार सिंधी, बोलायला गोड.

"आओ भाभीजी, बच्चों के लिए चाहिए ना? गेम-वेम सब डालके देता हूँ."

"गेम नको," वहिनी म्हणाल्या. "लडकी बारावी में है."

"तो क्या हुआ भाभी, बारावीवाला भी इन्सान है."

मी त्याला खोका उघडायला सांगितला. "सील टूट जाएगा," तो म्हणाला. "टूटने दो," मी म्हटलं, "अंदर क्या है वो मेरे को बाहर से कैसे समजेगा?" त्याने उघडला. मी प्रत्येक वस्तू बाहेर काढून काउंटरवर मांडली, वायरी सोडवून पाहिल्या, माउसच्या पोटातला गोळासुद्धा काढून बघितला. तो हात बांधून बघत होता.

"आप किधर काम करती हो?"

"स्टोअर में."

"तभी!" म्हणाला आणि आमच्यासाठी चहा सांगितला. टेबल आणि वरचं प्लास्टिकचं कव्हर मी त्याच चहावर फुकट काढून घेतलं. यूपीएस घ्यावाच लागला, कारण त्या वर्षांत आमच्याकडे लोडशेडिंग असं चालायचं की दिवे कधी आहेत हेच लक्षात ठेवावं लागे. परत येताना रिक्षात मॉनिटर वहिनींच्या मांडीवर आणि सीपीयू माझ्या पायात होता. खड्डा आला की दोघी एकदम "अरे सांभाळून" म्हणून ओरडायचो.

आमची बिल्डिंग अंबरनाथ पूर्वेला, चार मजली, बिनलिफ्टची. तिच्यात एक कॉम्प्युटर आधीच होता. दुसऱ्या मजल्यावरच्या गृहस्थांनी मुलासाठी घेतलेला, आतल्या खोलीत, कव्हरवर आणखी एक टॉवेल घालून. वहिनींनी मात्र आपला बाहेरच्या खोलीत ठेवला, दारासमोरच, आणि दार दिवसभर उघडं. पहिल्याच आठवड्यात बिल्डिंगमधली सगळी पोरं तिथे. दुसऱ्या मजल्यावरच्यांनी जिन्यात वहिनींना अडवलं.

"वहिनी, स्पष्ट सांगतो. ज्याचं पोर त्याने त्याला घेऊन द्यावं. एकाने घ्यायचं आणि अख्ख्या बिल्डिंगने वापरायचं, तो काय सार्वजनिक नळ आहे?"

"नळच समजा," वहिनी म्हणाल्या. "ज्याच्या घरी पाणी येत नाही त्याला भरू द्या."

असं का, ते त्यांनी मला एकदाच सांगितलं, तेही गहू चाळता चाळता. "माझ्या सासऱ्यांना शाळेत वर्गाबाहेर बसवायचे. व्हरांड्यातून खिडकीतून ऐकून ते शिकले. माझ्या घरात पोरगं दाराबाहेर उभं राहून आत बघतंय, हे मला चालायचं नाही." एवढं बोलून त्यांनी चाळण आपटली आणि पुढचा पायलीभर गहू घेतला. दर रविवारी सकाळी वहिनी विहारात मुलांचा वर्ग घ्यायच्या, त्यामुळे पोरांचा गोंगाट त्यांना नवा नव्हता.

गोंगाट मात्र भयंकर झाला. खुर्ची ओढणं, माउस हिसकावणं, "ए उठ ना यार, कधीचा बसलाय", "खालीपीली मध्ये बोलू नको". वहिनींनी चार दिवस ऐकून घेतलं आणि मग नवऱ्याच्या प्लांटवरचा नियम घरात लावला.

त्यांचे यजमान, ज्यांना आम्ही सगळे भाऊ म्हणायचो, केमिकल कंपनीत ऑपरेटर होते. केमिकल प्लांटवर पाळी संपली म्हणून ऑपरेटरला उठता येत नाही. पुढच्या पाळीचा माणूस, त्याला रिलीव्हर म्हणतात, समोर येऊन उभा राहावा लागतो. मग त्याला तोंडी चार्ज द्यायचा. काय चालू आहे, काय झालं, काय बाकी आहे, कुठे लक्ष ठेवायचं. त्याने ते परत म्हणून दाखवायचं आणि मगच खुर्ची सोडायची. रिलीव्हर आलाच नाही तर डबल करायची, म्हणजे सलग दुसरी पाळी. भाऊ डबलला अडकले की वहिनी त्यांचा डबा शिफ्टच्या रिक्षाबरोबर एमआयडीसीत पाठवायच्या, ते आम्ही सगळ्यांनी पाहिलेलं होतं.

तोच नियम कॉम्प्युटरला. प्रत्येकाला अर्धा तास. पुढचा येऊन उभा राहिल्याशिवाय उठायचं नाही, आणि चार्ज दिल्याशिवाय तर नाहीच.

मला आधी हा पोरखेळ वाटला. एकदा साखर मागायला वर गेले आणि तिथेच उभी राहिले. एक पोरगा खुर्चीत, एक पोरगी समोर.

"मी पेंटमध्ये घर काढलं. छप्पर बाकी आहे. माउस डावीकडे अडकतो, थोडा उचलून घे."

"घर झालं, छप्पर बाकी, माउस उचलायचा," पोरगी म्हणाली.

"काकी, हा खोटा चार्ज देतोय," मागून तिसरा ओरडला. "हा गेम खेळत होता!"

वहिनी मटार सोलत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "मग गेम खेळलो हेही सांगायचं. प्लांटवर जे लपवलेलं असतं तेच फुटतं. परत दे चार्ज."

पोरगा लाल झाला. "पंधरा मिनिटं गेम खेळलो. हरलो."

"हं. आता ऊठ."

"काही नाही केलं" हा चार्ज त्या घरात चालत नसे. काहीतरी केलंच असणार, सांग. हळूहळू पोरांना सांगायची सवय लागली. मी वीस वर्षं मोठ्या माणसांचे चार्ज ऐकत आले होते. आमच्याकडे "सब ठीक है" म्हणून माणूस घड्याळाकडे बघत निघून जायचा आणि दुसऱ्या दिवशी कळायचं की ठीक काहीच नव्हतं. वहिनींच्या घरची दहा-बारा वर्षांची पोरं त्यापेक्षा कितीतरी चांगला चार्ज द्यायची.

इंटरनेट होतं, पण फोनच्या तारेवरून. ते चालू असलं की फोन एंगेज. कंपनीतून भाऊंना अचानक बोलावणं आलं तर कळणार कसं, म्हणून ते फक्त वहिनींच्या थोरल्या मुलीच्या पाळीत आणि भाऊ घरात असतानाच लावायचं. एखादा फोटो उघडला की वरून खाली उतरत यायचा, सावकाश. पोरं दुकानाचं शटर उघडायची वाट बघितल्यासारखी बघत राहायची.

माझी मुलगी तेव्हा मेकॅनिकल डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला. प्रोजेक्ट म्हणून पाइप वाकवायचं एक छोटं मशीन डिझाइन करायचं होतं आणि ड्रॉइंग कॉम्प्युटरवर काढलेलंच पाहिजे, असा तिच्या सरांचा हट्ट. कॉलेजच्या लॅबमध्ये जितकी मशीन होती त्यातली निम्मी बंद. स्टेशनजवळच्या सायबर कॅफेत ड्रॉइंगचं सॉफ्टवेअर नव्हतं, पडदे लावलेल्या केबिन मात्र होत्या. आमच्या घरी कॉम्प्युटर नव्हता, कारण आदल्या वर्षी माझ्या नवऱ्याची कंपनी बंद पडली होती आणि घर माझ्या एकटीच्या पगारावर होतं. पुढच्या वर्षी घेऊ, असं मी म्हटलं होतं. तेव्हा अंबरनाथमध्ये अशी अनेक घरं होती, त्यामुळे त्याबद्दल रडण्यासारखं काही नाही. पण तिचं वर्ष वेळेत पूर्ण होणं मात्र आवश्यक होतं. तिने सबमिशन केलं नाही तर टर्म मिळणार नव्हती, म्हणजे वर्ष जाणार. आणि तिचं वर्ष गेलं असतं तर आमच्या घराचंही गेलं असतं. बदलापूरचा एक कारखाना तिला ट्रेनी म्हणून घ्यायला तयार होता, पण पास झाली तरच.

तेव्हा तीही तिसऱ्या मजल्यावर जायला लागली. कॉलेजातून मिळालेली सीडी टाकून ड्रॉइंगचं सॉफ्टवेअर तिथे चढवलं. मोठी म्हणून तिला तासाची पाळी मिळाली. तिची रिलीव्हर होती तळमजल्यावरची तिसरी-चौथीतली मुलगी. तिच्या घरचे मूळचे बदलापूरपलीकडच्या गावातले, वडील एमआयडीसीतल्या शिफ्टच्या लोकांना रिक्षातून नेणारे. पोरगी कमी बोलायची. पेंटमध्ये बदकं काढायची, सगळी एकाच बाजूला तोंड करून.

माझी मुलगी तिलाही पूर्ण चार्ज द्यायची. आधी गंमत म्हणून, नंतर खरोखरच. "आज बेस प्लेट झाली. चार भोकं पाडली. उद्या खांब." बदकवाली गंभीरपणे परत म्हणायची, "बेस झाला, चार भोकं झाली, उद्या खांब." मुलगी घरी येऊन मला म्हणाली होती, "आई, हिला सांगताना माझ्याच चुका मला सापडतात."

सबमिशन सोमवारी होतं. आदल्या गुरुवारी भाऊंची सुट्टी होती. चहा घेत बसलेले असताना कुणा पोराने त्यांना विचारलं, काका, प्लांटवर चार्ज देण्याच्या आधी काय करता? भाऊ मनापासून सांगणारा माणूस. म्हणाले, "भांडं धुवायचं. बॅच संपली की भांडं स्वच्छ धुऊन पुढच्याला द्यायचं. मागचं काही चिकटून राहिलं तर पुढच्याची बॅच खराब."

सगळ्यांनी ऐकलं. एकीने मनावर घेतलं.

शुक्रवारी तळमजल्यावरच्या त्या मुलीने तिची पाळी संपल्यावर, चार्ज देण्याच्या आधी, भांडं धुतलं. स्क्रीनवर जे जे मागचं चिकटलेलं दिसलं ते एकेक उचलून कचऱ्याच्या डब्यात टाकलं. मग डबा भरलेला दिसला, तर तोही रिकामा केला. पुढच्या पोराला तिने प्रामाणिकपणे चार्ज दिला, "तीन बदकं काढली. भांडं धुतलं. डबा पण ओतला." तो "बरं" म्हणाला आणि गेम लावून बसला. दोघांनीही नियम पाळला होता.

संध्याकाळी मी पोळ्या करत होते. मुलगी दारात येऊन उभी राहिली.

"आई, ड्रॉइंग नाही."

"नाही म्हणजे?"

"नाही म्हणजे नाहीच. एकही शीट नाही."

"फ्लॉपी?"

"ती कॉलेजच्या मशीनमध्ये घातली तेव्हाच खराब झाली."

मी गॅस बंद केला आणि वर गेले. वहिनींची थोरली तोवर इंटरनेट लावून शोधत होती. पुसलेल्या फायली परत आणणारं काहीतरी असतं, असं तिला सापडलं. ते उतरवायला घेतलं आणि निम्म्यावर दिवे गेले. परत आल्यावर पहिल्यापासून. शेवटी उतरलं, चाललं, आणि समोर फायलींची रांग लागली. आम्ही सगळ्यांनी हुश्श केलं. एकेक उघडली. नावं होती, आत काही नव्हतं. आमच्या स्टोअरमध्येही कधी कधी असे खोके येतात, वर चिठ्ठी बरोबर आणि आत नुसता भुसा.

दारात माणसं जमली होतीच. दुसऱ्या मजल्यावरचे गृहस्थही आले. "मी बोललो होतो," ते म्हणाले. "ज्याचं त्याला पाहिजे. ही अशी वेळ येते."

"बरोबर आहे तुमचं," मी म्हटलं. मी उपरोधाने बोलले नाही. बरोबरच होतं ते.

बहुतेक त्यांना भांडण अपेक्षित होतं. त्यांनी गळ्यातून दोरी काढली. तेव्हा ऑफिसातली माणसं पेन ड्राइव्ह लॉकेटसारखा गळ्यात घालून हिंडत. "हा घ्या. जेवढं होईल तेवढं दर तासाला यात टाका. माझ्या ऑफिसचा आहे, हरवू नका."

तेवढ्यात तळमजल्यावरची आई पोरीला दंडाला धरून वर घेऊन आली. "काकी, हिनंच केलंय. हाणा हिला. माझ्या हातून मार खाल्लाय, तुम्ही पण हाणा."

पोरगी रडतसुद्धा नव्हती. फरशीकडे बघत होती.

"कशाला हाणू?" वहिनी म्हणाल्या. "तिला सांगितलं तेवढं तिने केलं. भांडं धुवायचं सांगितलं, आतला माल आधी काढून घ्यायचा हे कुणी सांगितलं?" मग त्या भाऊंकडे वळल्या. "ऐकलं का? तुम्ही अर्धा चार्ज दिलात."

भाऊंनी कप खाली ठेवला. "दिला खरा," ते म्हणाले. "माल काढल्याशिवाय भांडं धुवत नाहीत, हे सांगायचं राहिलं." वीस-पंचवीस माणसांसमोर, त्यात शेजारी, पोरं, बायका, हे त्यांनी इतक्या सरळपणे म्हटलं की पोरीच्या आईने तिचा दंड सोडला.

माझी मुलगी खुर्चीत बसून रडत होती. सुट्या भागांची कच्ची स्केचेस तिच्याकडे कागदावर होती. पण स्क्रीनवर काढताना तिने कितीतरी गोष्टी बदलल्या होत्या आणि त्या कागदावर नव्हत्या. काय काय बदललं तेच तिला आठवेना. डोकं चालत नाही, म्हणाली.

वहिनी तळमजल्यावरच्या मुलीपुढे खाली बसल्या. "तू ताईची रिलीव्हर ना?"

मान हलली.

"तिने रोज तुला चार्ज दिलाय. आज तू तिला परत दे. पहिल्या दिवसापासून."

पोरीने एकदा आईकडे बघितलं. मग खुर्चीसमोर जाऊन ताठ उभी राहिली, चार्ज घेताना उभी राहायची तशी, आणि सुरू झाली.

"पहिला बेस. चार भोकं. मग दोन खांब. खांब उलटे लावले होते, ते परत लावले. मग रोलर. रोलरमध्ये पाइप अडकत होता म्हणून एक रोलर बाजूला सरकवला. मग हँडल. हँडल फ्रेमला आपटत होतं म्हणून दांडा लांब केला."

माझ्या मुलीने मान वर केली. "किती लांब केला मी?"

"तू आधी पाच म्हणालीस. मग दुसऱ्या दिवशी म्हणालीस पाचने होत नाही, दहा केला."

"हो की!" मुलगी म्हणाली आणि पेन्सिल मागितली.

मला त्या क्षणी कुणाचं जास्त कौतुक वाटलं ते आजही ठरवता येत नाही. पोरीचं, की पोरीला मार न देता कामाला लावणाऱ्या बाईचं. बहुतेक बाईचंच. पोर हुशार असणं हा नशिबाचा भाग असतो. पण घाबरलेल्या पोराकडे जे आहे ते नेमकं मागणं, ही समज फार थोड्या लोकांना असते.

शनिवार-रविवारची पाळी पोरांकडून वहिनींनी काढून घेतली नाही. प्रत्येकाला वेगळं विचारलं, "तुझा अर्धा तास ताईला देतोस का?" सगळे हो म्हणाले, एक सोडून.

"मी नाही देणार. शनिवारी माझाच नंबर आहे."

"बरं, मग बस," वहिनी म्हणाल्या. माझी मुलगी उठली, चार्ज दिला, तो बसला. गेम लावला. खोलीत सहा-सात जण त्याच्याकडे नुसते बघत होते. दहा मिनिटांत तो उठला. "घे ताई. बोअर होतंय. सगळे असे बघतायत, मरायला होतं."

दिवे गेले की यूपीएस केकाटायचा, मुलगी घाईघाईने पेन ड्राइव्हवर टाकायची आणि सगळं शांत व्हायचं. तेवढ्या वेळात ती खिडकीशी बसून कागदावर पुढचं काढून ठेवायची. मी पिठलं-भाकरी वर पाठवत होते. शेजारी स्टुलावर बदकवाली बसलेली, एक पान झालं की पुढचं काय ते सांगायला. काही गोष्टी तिने चुकीच्याही सांगितल्या. एक कॉलर, म्हणजे दांड्यावर बसणारी कडी, तिच्या हिशेबात नव्हतीच. माझी मुलगी म्हणाली, "त्या दिवशी बहुतेक मीच चार्ज नीट दिला नसेल." पण पहिल्या खेपेला जे काम कितीतरी आठवडे रेंगाळलं होतं ते रविवारी संध्याकाळी दिवे परत आल्यावर पुरं झालं. नवरा पेन ड्राइव्ह घेऊन सोमवारी दुकान उघडायच्या आधीच उल्हासनगरला मोठे प्रिंट काढणाऱ्याच्या दारात जाऊन उभा राहिला. मुलगी तिथूनच कॉलेजला गेली.

सबमिशन झालं. तोंडी परीक्षेत सरांनी विचारलं, स्केचमध्ये दांडा लहान आहे, ड्रॉइंगमध्ये लांब का? ती म्हणाली, हँडल फ्रेमला आपटत होतं. पाचने होत नाही म्हणून दहा केला. टर्म मिळाली, पुढे पासही झाली. बदलापूरला ट्रेनी म्हणून लागली. पहिली वगैरे आली नाही.

त्यानंतर आमच्या भागात ही हकिकत सांगितली जायला लागली, आणि सांगणारे शेवटी म्हणायचे, बघा, घरोघरी कॉम्प्युटर लागतो कशाला, एकावर अख्खी बिल्डिंग शिकली. हे ऐकलं की माझं डोकं फिरतं. माझ्या मुलीचं काम घरच्या मशीनवर असतं तर ते पुसलंच गेलं नसतं. दिवसाला एक तास, तोही दिवे असले तर, यावर कुणी इंजिनीअर होत नाही. तिसऱ्या मजल्यावर जे झालं ते फार चांगलं झालं, पण ती काही व्यवस्था नव्हती. ते एका बाईचं मोठेपण होतं, आणि प्रत्येक बिल्डिंगच्या तिसऱ्या मजल्यावर अशी बाई नसते. प्रत्येक मुलाच्या घरी कॉम्प्युटर हवा आणि इंटरनेटही हवं, असं माझं साधं मत आहे. ज्याला परवडत नाही त्याला कसं मिळेल ते मोठ्यांनी बघावं. दुसऱ्या मजल्यावरच्यांशी माझा वाद एवढाच, की घरोघरी येईपर्यंतच्या काळात दार लावून बसायचं की उघडं ठेवायचं.

वहिनींना मी हे बोलून दाखवलं तेव्हा त्या हसल्या. "अहो, घरोघरी असता तर मी दुपारची झोपले नसते का?"

आम्ही पुढच्या वर्षी घेतला. त्याच दुकानातून. त्याने मला बघून खोका न सांगता उघडला.

पण त्या सोमवारचं थोडं राहिलं. मुलगी सबमिशन करून आली, पेढे घेऊन वर गेली. सगळी पोरं होती, तळमजल्यावरची नव्हती. मंगळवारीही ती आली नाही. बोलवायला गेलं तर आतल्या खोलीत जाऊन बसायची. तिची आई म्हणाली, "नको म्हणते. मशीनला हातच लावायचा नाही म्हणते. राहू द्या, काय अडलंय?"

हे वहिनींच्या कानावर गेलं. बुधवारी माझ्या मुलीची पाळी होती. प्रोजेक्ट संपलेला, तिला काही काम नव्हतं, तरी वहिनींनी तिला बोलावून बसवलं. ती इकडेतिकडे रेघा मारत बसली. तास संपला. पुढचा पोरगा येऊन उभा राहिला.

"तू माझा रिलीव्हर नाहीस," मुलगी म्हणाली. "तुझी पाळी तिच्यानंतर."

"पण ती येतच नाही."

"मग मला उठता येत नाही."

पोरगा वहिनींकडे बघायला लागला. वहिनी भाजी निवडत होत्या. "मी काय करू? रिलीव्हर नाही आला तर डबल."

अर्धा तास गेला. पोरांची चुळबुळ सुरू झाली. सगळ्यांच्या पाळ्या अडकल्या होत्या. शेवटी दोघंतिघं धडाधड जिना उतरून तळमजल्यावर गेली आणि त्यांचा आवाज आम्हाला वरपर्यंत ऐकू आला. "ए, चल ना यार! ताई डबलला अडकलीय! तिला उठताच येत नाही! तुझ्यामुळे आमचा पण नंबर लागत नाहीये!"

खाली बराच वेळ काही झालं नाही. मी दारात उभी होते, कारण मला भाजीला जायचं होतं आणि मुलगी बरोबर यायची होती. तीही गेली नाही आणि मीही नाही.

मग जिन्यात हळूहळू येणारी पावलं. पोरगी आत आली. ती खुर्चीसमोर येऊन ताठ उभी राहिली.

"आज काम नव्हतं, नुसत्या रेघा मारल्या," माझी मुलगी म्हणाली. "माउस अजून अडकतो. माझं ड्रॉइंग सगळं आत आहे, नाव माझं आहे."

"रेघा मारल्या. माउस अडकतो. ड्रॉइंग आत आहे." पोरगी थांबली. मग अगदी हळू विचारलं, "भांडं?"

"भांडं भरलेलं आहे. धुवायचं नाही."

"भरलेलं आहे, धुवायचं नाही," ती म्हणाली.

मुलगी उठली. आम्ही भाजीला गेलो.